एक तास पासष्ट मिनिटं

ओजस केळुसकरनं उत्तर लिहिलंय: एक तास पासष्ट मिनिटं.
पेन्सिल दाबून, खाली दोन रेघा मारून,
जणू आता देवालाही खोडता येणार नाही.

बस सुटली पाच पंचेचाळीसला, पोचली सात दहाला.
दहातून पंचेचाळीस जात नाहीत,
म्हणून त्यानं शेजारच्या सातकडून एक तास उसना आणला
आणि मोडला शंभराच्या भावानं.
अरे, तासाचे सुटे साठच मिळतात, मी म्हणते,
कुठेही मोड.
तो खिडकीतून खाली मलबाऱ्याच्या दुकानाकडे बघतो.
तिथे एका रियालाचे हजार बैसे मिळतात.
साठ म्हणजे त्याला
सरळसरळ फसवणूक वाटते.

इब्री. मे महिना.
एसी खोकतो, थांबतो, पुन्हा खोकतो.
जेवणाच्या टेबलावर चौथीची चार मुलं
आणि कालच्या आमटीचा एक डाग.

मी दुसऱ्या वाटेनं जाते.
बस पावणेसहाला निघाली, असं म्हण.
सहापर्यंत पंधरा, सातपर्यंत साठ, वर दहा.
"पाहुणे सहा?" ओजस विचारतो. "कोण येणारेत?"
सगळे हसतात. त्यातले दोघे मल्याळी,
त्यांना काहीच कळलेलं नाही,
पण हसायला काय लागतं.

पुढचं गणित पुस्तकातलं नाही, मीच घातलेलं:
रात्रपाळी अठरा वाजता सुरू, सहा वाजता संपते.
किती तास?
सहातून अठरा जात नाहीत.
ओजसनं आकडे खालीवर केले,
मोठ्यातून लहान वजा केला. बारा.
उत्तर बरोबर. रीत साफ चूक.
मी लाल पेन उघडून बसून राहिले.
मध्ये मध्यरात्र आहे, ती ओलांडावी लागते,
अलीकडचे सहा, पलीकडचे सहा,
हे त्याला सांगायचं होतं.
पण त्याचे बाबा वीजकेंद्रात याच पाळीला असतात,
आणि हे बारा त्यानं वजाबाकी करून
काढले नसणार.
अर्धा गुण दिला.
उरलेला अर्धा अजून माझ्याकडे हातचा आहे.

आमचे घरमालक खल्फान.
त्यांच्या खजुरांना फलजचं पाणी मिळतं
नऊ दिवसांतून एकदा, एक अथर.
अथर म्हणजे अर्धा तास, थोडं इकडेतिकडे.
त्यांचे आजोबा काठीच्या सावलीवर मोजायचे,
रात्री ताऱ्यांवर.
खल्फानच्या खिशात दोन मोबाइल आहेत,
तरी भर उन्हात जाऊन काठी बघून येतात.
तुमच्यात याला काय म्हणतात, त्यांनी एकदा विचारलं.
पाळी, मी म्हटलं. पाण्याची पाळी.
आणि रात्री कामावर जातात ती?
तीही पाळीच.
पाणी आणि माणूस, दोघांना एकच शब्द?
हो, म्हटलं, आमच्याकडे शब्द पुरवून वापरतात.
ते बराच वेळ मान हलवत राहिले. किती वेळ,
ते मी मोजलं नाही.

"टीचर, किती वाजले?"
चार पन्नास.
"म्हणजे दहा मिनिटं," ओजस म्हणतो,
न मांडता, न उसनं घेता.
पाचला बाबा न्यायला येतात.
पाच पंचवीसला कंपनीची बस त्यांना घेऊन जाते.
यातली वजाबाकी
मी अजून त्याला घातलेली नाही.

आधी पासष्ट नीट कर, मी म्हणते.
ही चाळीस मिनिटं जास्तीची आहेत.
कुठून आणलीस?
तो खांदे उडवतो. खोडरबर घासतो,
जिभेचं टोक बाहेर, टेबल हलतंय,
करड्या वळ्या आमटीच्या डागावर पडतात.
पासष्ट जातं. ठसा जात नाही,
दाबून लिहिलं होतं ना.
त्याच्यावरच तो पंचवीस लिहितो, हलक्या हातानं.
वही तिरकी धरली
तर दोन्ही आकडे वाचता येतात.

खाली हॉर्न वाजतो.
चार चोपन्न.
"आज लवकर आले!" म्हणत तो चप्पल उलटसुलट घालून
जिन्यावरून धावत सुटतो.
वही टेबलावरच राहते.